बसून खाणारी बाई

"खाल्लं का नाई खाल्लं, तेवढं सांग."

पार्वताबाई ओसरीच्या खांबाला टेकून बसल्या होत्या. आवाज चढलेला नव्हता, पण पदराचं टोक त्या बोटाला इतकं घट्ट गुंडाळत होत्या की बोट पांढरं पडलं होतं. समोर सतरंजीवर मोहाडीतले चार घरचे विणकर बसले होते. दाराशी डोमा उभा होता, नुकत्याच वारलेल्या भैय्यालालचा चुलतभाऊ. बातमी त्यानेच आणली होती.

विजयमाला कोशाच्या रेशमी साड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालत होती. तिने मान वर केली.

"खाल्लं."

"काय खाल्लं?"

"मटन. रस्सा अन् भात. दोनदा रस्सा घेतला."

विणकरांतले सगळ्यात जुने दादाजी निपाने यांनी खाली बघितलं. माजघराच्या दारात विजयमालाची मुलगी कीर्ती उभी होती. ती बापाच्या शेवटच्या आजारात गोंदियाहून आली होती आणि तेरवी झाली तरी अजून परतली नव्हती. तिने डोळे मिटून घेतले.

"नवऱ्याची तेरवी होऊन आठ दिस झाले नाईत," पार्वताबाई म्हणाल्या, "अन् तू नागपूरच्या सावजीत, माणसाइत बसून मटन खाल्लं."

"हो बाई."

भैय्यालाल पार्वताबाईंचा धाकटा भाऊ, विजयमालाचा नवरा. गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी त्याने घरचा माग विकला आणि साड्यांचा गठ्ठा उचलला. चार घरांच्या साड्या घेऊन तो गावोगाव जायचा: नागपूर, रायपूर, जबलपूर, अमरावती. त्याला शहरं रस्त्यांवरून आठवत नसत, खाण्यावरून आठवत. रायपूर म्हणजे स्टेशनासमोरचा तांदळाच्या पिठाचा चिला आणि टमाटरची चटणी. जबलपूर म्हणजे खोव्याची काळी जिलेबी. नागपूर म्हणजे इतवारीच्या मागच्या गल्लीतली सावजी खानावळ, जिथे रस्सा पहिल्या घासाला गोड वाटतो आणि तिसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी काढतो. घरी आला की हातपाय धुवायच्या आधी हे सगळं सांगायचा. विजयमाला विणकरांसाठी धाग्याच्या कांड्या भरत ऐकायची आणि कधीकधी चिडायची.

"इतकं चांगलं होतं त राह्याचं होतं तिथंच. इथं काहून आले?"

मग त्याला लकवा मारला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, घास गिळता येईना. पातळ पेजेवर दिवस आले. गठ्ठा विजयमालाने उचलला. उचलणारं दुसरं कोणी नव्हतंच.

पहिल्यांदा ती रायपूरला गेली तेव्हा पोळ्या आणि लसणाची चटणी बांधून नेली होती. स्टेशनावर भिंतीकडे तोंड करून खाल्ली. परत आल्यावर भैय्यालालने खाटेवरून विचारलं, "काय खाल्लं?"

"घरचंच."

त्याने तोंड फिरवलं. मग एकेक शब्द ओढत बोलला, "मी पडलो खाटेवर. मायी गावं बी मेली का?"

पुढच्या खेपेला ती नागपूरच्या सावजीत शिरली. सगळे पुरुष. जेवणारे हात थांबले. गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "पार्सल का, बाई?"

"नाई. बसून."

"मंग मांगं जा. लेडिजसाठी पडदा लावला हाये."

मागे पडद्याआड खरकटी भांडी होती, आणि पंखा नव्हता. समोर खिडकीजवळ एक टेबल रिकामं होतं. तिथे बसून भैय्यालाल जेवायचा, हे तिला शंभरदा ऐकून माहीत होतं. ती जाऊन बसली. गठ्ठा मांडीवरच घेतला. बराच वेळ कोणी विचारायला आलं नाही. तीही उठली नाही. शेवटी ताट आलं.

घरी येऊन ती म्हणाली, "चांगलं होतं." भैय्यालाल वैतागला. चांगलं म्हणजे काय? तिखट कुठं लागलं, जिभेले का घशात? भात मोकळा होता का? तिला सांगता येईना. मग पुढच्या खेपेपासून ती नीट चव घेऊन जेवायला शिकली. घास तोंडात धरायचा, मसाला ओळखायचा, शेजारच्या टेबलावर काय चाललंय तेही पाहायचं. हळूहळू तिची स्वतःची ठिकाणं झाली, नवरा कधी गेलाच नव्हता अशी. अमरावतीला एका गाडीवर तिने गिला वडा खाल्ला. दह्यात बुडवलेला, वर कच्चा कांदा. ते ऐकून भैय्यालाल म्हणाला, "गाडीवर? मी कधी गाडीवर नाई खाल्लं." ती म्हणाली, "मंग तुमचं राहूनच गेलं." तो हसला. लकवा झाल्यापासून त्याचं हसू एका बाजूनेच यायचं.

मरणाच्या दोन दिवस आधी त्याने तिला जवळ बोलावलं. कीर्ती खाटेच्या पायाशी होती. "मी गेल्यावर पयले नागपूरले जाय," तो म्हणाला. "त्या सावजीत. रडत नको बसू. जेव."

हे घरात दोघींनाच माहीत होतं.

"तुम्ही कुठून पाह्यलं, भाऊजी?" विजयमालाने डोमाला विचारलं.

"इतवारीत काम होतं मायं."

"ते गल्लीत होय. मी त आत होतो."

डोमा चुळबुळला. "मीबी आतच होतो. मागच्या टेबलावर."

"काय खाऊन राह्यले होते?"

सतरंजीवर कोणीतरी खोकला दाबला.

"मायी गोष्ट वेगळी हाये, वयनी," डोमा म्हणाला. "गोष्ट माया जेवनाची नाई. आपल्या मालाची इज्जत हाये. उद्या गिऱ्हाईक म्हनंल, ह्याच का त्या बाई? तुम्ही वर्षभर घरात बसा. दुखवटा पाळा. चारी घरचा गठ्ठा मी नेतो. शहरं मले ठाऊक हायेत."

आता विजयमालाला सगळं लख्ख दिसलं. भैय्यालाल खाटेवर पडला तेव्हा हाच डोमा म्हणाला होता, बायांचं काम नाई ते. तेव्हा कोणाच्या दुकानात कोणती किनार खपते हे त्याला माहीत नव्हतं. आता ती पाच वर्षं फिरून सगळं पक्कं करून बसली होती, आणि ते त्याला आयतं हवं होतं.

दादाजी समजुतीने बोलले. "सुनबाई, आपन घरचीच माणसं. चुकलं म्हन, झालं. सहा महिने राहू दे, मंग पाहू. गठ्ठा कुठं पळून जाते?"

कीर्ती पुढे आली आणि आईच्या कानाशी वाकली. "आई, सांगून टाक ना. बाबांनंच सांगितलं होतं म्हन. मी साक्ष हाये. सगळे गप्प होतील."

गप्प झाले असते, हे विजयमालालाही कळत होतं. मेलेल्याची इच्छा म्हटलं की पार्वताबाईसुद्धा डोळ्याला पदर लावणार होत्या. एक वाक्य पुरलं असतं. तिने ते जिभेवर घेतलंही. पण मग त्या दिवशीचं टेबल आठवलं. पहिले दोन घास तिने नवऱ्याच्या नावाने खाल्ले होते, रडत. तिसऱ्या घासाला मात्र भूक जागी झाली होती. तेरा दिवसांची, किंवा त्याहून कितीतरी जुनी. दुसऱ्यांदा रस्सा मागवला तो तिने स्वतः. तो कोणाच्या सांगण्यावरून नव्हता.

"मले भूक लागली होती," ती म्हणाली. "म्हणून खाल्लं."

"बस, इतकंच?" पार्वताबाई म्हणाल्या.

"इतकंच."

पार्वताबाई एकदम उठून उभ्या राहिल्या. इतका वेळ दाबलेला आवाज फुटला. "नवरा गेला तेव्हा मी बावीस वर्षांची होतो, विजू! बावीस! मटन सोडलं, मच्छी सोडली, लग्नाच्या पंगतीत बसणं सोडलं. कोणी मले विचारलं का भूक लागली म्हणून? मले भूक नोती का?"

विजयमाला साडी बाजूला ठेवून उठली आणि नणंदेसमोर जाऊन उभी राहिली.

"होती बाई. तुमच्यावर अन्याव झाला. तेव्हा कोणी बोललं नाई, ते चुकलंच. पण तुमची भूक मारली म्हणून मी मायी मारू का?"

पार्वताबाई वळल्या आणि मागच्या दाराने निघून गेल्या.

विजयमाला सतरंजीकडे वळली. "दादाजी, मी चुकलं म्हणणार नाई. सोमवारी जबलपूरले जाणार हावो. ज्यायले साड्या द्यायच्या, त्यायनं द्या. नसन द्यायच्या, डोमाभाऊजी उभेच हायेत. अन् तिथं बी मी जेवीन. बसून."

सोमवारपर्यंत दोन घरांनी साड्या डोमाकडे दिल्या. त्यातलं एक दादाजींचं होतं. ते स्वतः आले नाहीत, सुनेच्या हाती निरोप पाठवला. उरलेल्या दोन घरांनी विजयमालाकडे दिल्या. गठ्ठा अर्धा झाला.

कीर्ती सोमवारी सकाळीच गोंदियाला निघाली. निघताना ती रडली. "एक वाक्य बोलली असती त काय गेलं असतं, आई?"

"ते तुया बापाचं वाक्य होतं," विजयमाला म्हणाली. "जेवण मायं होतं."

पार्वताबाई चार दिवस बोलल्या नव्हत्या. निघताना विजयमालाने त्यांच्या दाराशी उभं राहून "येतो बाई" म्हटलं. गठ्ठा डोक्यावर द्यायला कोणी नव्हतं. तिने तो आधी ओट्यावर ठेवला, मग खाली वाकून डोक्यावर घेतला.

जबलपूरला कापडाच्या दुकानदाराने भैय्यालालची चौकशी केली. गेल्याचं कळल्यावर त्याने हातातलं कापड खाली ठेवलं. "अब माल कौन लाएगा?"

"मैं. पाँच साल से मैं ही ला रही हूँ."

"हाँ, वो तो है," तो ओशाळून म्हणाला, आणि साड्या उलगडायला लागला. सगळ्या घेतल्या. पुढच्या वेळी जास्त आणा म्हणाला. ती म्हणाली, आणीन. कोणाकडून, ते तिला अजून ठाऊक नव्हतं.

परतीच्या, बालाघाटवरून जाणाऱ्या बसचं तिकीट काढून झालं होतं; सुटायला अवकाश होता. बसस्थानकाजवळच्या जिलेबीच्या दुकानापुढे एकच बाक होता. त्यावर चार पुरुष पाय पसरून बसले होते. शेजारी एक बाई उभ्याने द्रोण चाटत होती. विजयमालाने गठ्ठ्याचं रिकामं फडकं बाकाच्या टोकावर ठेवलं.

"सरकिए भैया."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग टोकाचा माणूस सरकला, त्याच्यामागे बाकीचे. ती बसली. थोडं आणखी सरकून तिने उभ्या बाईलाही खूण केली. ती बाई आधी संकोचली, मग बसली.

जिलेबी गरम होती. वरून काळी, करपल्यासारखी. दाताखाली मऊ, आणि पाक जिभेच्या कडेने सावकाश पसरणारा. शब्द सवयीने जुळत गेले, आणि मध्येच थांबले. हे आता घरी नेऊन कोणाला सांगायचं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलं नाही. दोन्ही हात पाकाने भरले होते.

"बालाघाट, बालाघाट!" बस सुरू झाली होती. कंडक्टर दारात लोंबकळत ओरडला, "ओ अम्मा! चलना है कि नहीं?"

"चलना है," विजयमाला बसल्या जागेवरून म्हणाली. "खाकर."

त्याने ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हरने खांदे उडवले. बस घरघरत उभी राहिली. द्रोणात अजून एक जिलेबी होती, आणि विजयमाला सावकाश खात होती.