मोज्यांच्या बाहुल्यांचं भांडण

नणंद-भावजयीचा अबोला सुरू झाला तो एका लग्नात. वन्सं केस रंगवतात, हे भावजयीनं भर पंगतीत सांगून टाकलं. नणंदही काही गप्प बसणाऱ्यातली नव्हती. वहिनी हसली की कुकरची शिट्टी झाल्यासारखं वाटतं, असं ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं बोलली. तेव्हापासून दोघींची तोंडं दोन दिशांना. भावजयीचा नवरा, म्हणजे नणंदेचा सख्खा भाऊ, मध्ये पडून पडून थकला आणि शेवटी त्यानं निरोप पोचवणंही सोडून दिलं.

भावजयीची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली होती. निवृत्तीनंतरचं शांत घर तिला खायला उठायचं. सार्वजनिक वाचनालयात ज्येष्ठांसाठी बाहुल्या बनवायचा वर्ग निघालाय असं कळलं, तशी तिनं कुणालाही न विचारता नाव नोंदवलं.

वर्ग भरायचा बालविभागात. खुर्च्या पहिलीतल्या पोरांच्या मापाच्या. भावजय दारातून आत डोकावली, तर त्यातल्याच एका खुर्चीत गुडघे हनुवटीला लावून नणंद बसलेली. रिकामी खुर्ची एकच, नेमकी तिच्या शेजारची. भावजय मागच्या मागे फिरणार होती, पण शिकवणाऱ्या दाढीवाल्यानं तिच्या हातात मोजा कोंबलासुद्धा. बसली मुकाट्यानं.

तासभर दोघींनी माना वर केल्या नाहीत. मोज्यात बोटं घालायची, अंगठा म्हणजे खालचा जबडा, डोळ्यांना बटणं, केसांना लोकर. नणंद जन्मभर शाळेत भूमिती शिकवत आली होती. तिनं दोन डोळ्यांमधलं अंतर पट्टीनं मोजलं. भावजयीला मात्र बाहुलीच्या केसांसाठी टोपलीतली काळीकुळीत लोकरच सापडली. मुद्दाम घेतली का, हे तिचं तिलाच माहीत.

मग दाढीवाल्यानं सांगितलं, शेजारच्या बाहुलीशी बोला. दोन्ही बाहुल्या समोरासमोर आल्या आणि ढिम्म राहिल्या. शेवटी नणंदेच्या बाहुलीनं तोंड उघडलं.

"तुमचे केस अगदी खरे दिसतात हो," ती म्हणाली.

भावजयीच्या बाहुलीनं मान वेळावली. "घरीच रंगवते. तुम्हाला हवाय का रंगाच्या दुकानाचा पत्ता?"

हे बोलताना भावजयीचा जुना, टेलिफोनवरचा गोड सरकारी आवाज आपोआप लागला होता. नणंदेची बाहुली थरथरली. म्हणजे आतला हातच हसत होता. मग बांधच फुटला. बाहुल्यांनी एकमेकींची उणीदुणी काढली, झिंज्या उपटल्या, एकीचा डोळा उडून कपाटाखाली गेला. भावजय हसली, ती तीच कुकरची शिट्टी. त्यावर नणंदेला असं काही हसू फुटलं की तिची इवलीशी खुर्ची कलंडली आणि तिच्याबरोबर भावजयही जमिनीवर आली. उठवायला वर्गातली चौघं धावली, तर तीही हसून हसून खाली बसली. शांतता राखा म्हणून सांगायला आलेल्या ग्रंथपाल बाई दारातच भिंतीला टेकून डोळे पुसत राहिल्या.

जमिनीवर बसल्या बसल्या नणंद हळूच म्हणाली, "वहिनी, तुझं हसणं ऐकलं नाही ना, तर भावाच्या घरात कुणी आहे असं वाटतच नाही मला."

भावजयीनं बाहुलीच्याच तोंडानं नणंदेचा चष्मा सरळ केला.

शेवटच्या दिवशी मुलांसमोर खेळ ठेवला होता. ठरलेली गोष्ट सशाची होती, पण दोघी भांडतच सुटल्या. पोरांनी टाळ्या पिटल्या आणि पुन्हा भांडा म्हणून धोशा लावला. पडद्यामागे नणंदेला उचकी लागली, ती थांबेचना. मग बाहुलीही उचक्या देऊ लागली, आणि पोरं तर गडबडा लोळली.

परतताना दोघी चुकीच्या बसमध्ये चढल्या. चूक लक्षात आली तेव्हा शेवटचा थांबा आला होता. कंडक्टरनं विचारलं, कुठं जायचंय? दोघींनी हातात बाहुल्या चढवल्या आणि एकदमच उत्तर दिलं, दोन वेगवेगळी. बस परत फिरेपर्यंत कंडक्टरही त्यांच्याच बाकावर येऊन बसला.

भावजयीच्या घरी भाऊ दारात वाट बघत उभा होता. दोघींना एकत्र बघून त्यानं हातातली पिशवी खाली ठेवली आणि, कधी नव्हे तो, स्वतःच चहाचं आधण चढवायला आत गेला.