वाजवायची कवळी

कवळीकाकांनी आयुष्यात एकच गोष्ट लपवली होती, आणि तीही जेमतेम वीतभर लांब. दातांच्या दवाखान्यात मागच्या खोलीत ते कवळ्या बनवायचे. तिथेच प्लास्टरच्या पिंपामागे, मेणाच्या रिकाम्या डब्यात, त्यांचा माउथ ऑर्गन तीस वर्षं पडून होता.

खरं तर यात लपवण्यासारखं काय होतं? माउथ ऑर्गन वाजवणं हा काही गुन्हा नाही. वाईट वाजवणं असेल, पण काका चांगला वाजवायचे. घोळ घातला तो मावशीनं. लग्न जुळवताना तिनं मुलीकडच्यांना छातीठोकपणे सांगितलं, "आमच्या मुलाला सुपारीच्या खांडाचासुद्धा नाद नाही." त्या क्षणी मुलाच्या खिशात माउथ ऑर्गन होता. त्यानं तो मुठीत दाबून धरला आणि मान डोलावली. चारचौघांत मावशीला खोटं कसं पाडायचं?

लग्नानंतर बायकोनं तेच वाक्य उचललं. शेजारीण येवो, माहेरचं माणूस येवो, ती सांगायची, "यांना कसलाच नाद नाही." काकांची मान ताठ व्हायची. कुणाच्या नवऱ्याला पत्त्यांचा नाद, कुणाच्या नवऱ्याला दर निवडणुकीत पडण्याचा नाद. आपण तेवढे धुतल्या तांदळासारखे. असं प्रमाणपत्र फुंकर मारून कोण उडवून लावेल?

पण यंदा दवाखान्याच्या डॉक्टर एका शिबिराला जाऊन आल्या. या डॉक्टर म्हणजे जुन्या डॉक्टरांची मुलगी; काकांच्या डोळ्यांसमोर तिचे दुधाचे दात पडले होते. शिबिरात तिला कळलं, की माणूस लहानपणचे छंद सोडतो म्हणून दुःखी होतो. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या हातात छापील फॉर्म पडला: छंदाचं नाव, सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण, पुन्हा सुरू करण्यामागचं उद्दिष्ट. आणि शनिवारी सगळ्यांसमोर सादरीकरण.

"आनंद घ्यायचा आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आणि गैरहजेरी चालणार नाही."

स्वागतिकेला कधी छंदच नव्हता. तिनं घाबरून 'दोरीच्या उड्या' असं लिहिलं आणि तेव्हापासून ती पेशंटचे फोन धापा टाकत घेऊ लागली. एक्स-रेवाल्यानं चित्रकला काढली. तो खुर्चीत आ वासून बसलेल्या पेशंटांची चित्रं काढायचा, कारण ते हलत नाहीत आणि नाकाबद्दल तक्रारही करू शकत नाहीत.

काका 'निरंक' लिहून मोकळे होणार होते. पण हातानं दगा दिला आणि तो 'माउथ ऑर्गन' असं लिहून गेला. आता शनिवारी बायकोला सांगायचं, की दवाखान्यात सामानाची मोजदाद आहे. घरी कळता कामा नये, बस्स.

दुपारच्या सुट्टीत त्यांनी दार लावून डबा उघडला आणि माउथ ऑर्गन तोंडाला लावला. फुंकल्यावर सूर आला. ओढल्यावर कवळी आली. माउथ ऑर्गनचे निम्मे सूर फुंकून आणि निम्मे श्वास आत ओढून निघतात. काकांच्या वरच्या कवळीला हा कारभार मान्य नव्हता. दात होते तेव्हा चणे लपवून ठेवले, आता चणे हातात आले तर दात टाळ्याला धरून बसेनात.

दुसरा कुणी असता तर हरला असता. काकांनी स्वतःच्या तोंडाचा साचा घेतला. टाळ्याला घट्ट बसेल अशी पातळ पट्टी केली आणि समोरचे दात कानशीनं घासून बारीक, आत वळलेले ठेवले. जेवायला कुचकामी, बोलताना शीळ घालणारी, पण सूर ओढताना तसूभर न हलणारी. तीस वर्षांत त्यांनी इतकी सुबक कवळी केली नव्हती. त्या दुपारी त्यांनी एक जुनी चाल शेवटपर्यंत वाजवली आणि स्टुलावर नुसते बसून राहिले. इतकं बरं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. तेवढ्यासाठी फॉर्म भरावा लागला, याची मात्र त्यांना लाज वाटली.

नवी कवळी हिरडीवर रुळायला हवी म्हणून माउथ ऑर्गनसकट ती त्यांनी घरी नेली. इथे त्यांची अक्कल शेण खायला गेली. संध्याकाळी चहा पिण्यापुरती ती काढून त्यांनी मोरीतल्या फळीवर पेल्यात ठेवली.

बायको पेला घेऊनच बाहेर आली.

"अहो, ही कुणाची?"

"माझीच."

"तुमची तोंडात आहे. आणि ही केवढी नाजूक आहे! बाईमाणसाची दिसते."

"अगं, माझ्याच मापाची आहे."

"एका तोंडाला दोन कवळ्या? मला काय दुधखुळी समजता?" तिचा आवाज चढला, मग एकदम बसला. "खरं सांगा. कुणाचा नाद लागलाय तुम्हाला?"

नाद हा शब्द ऐकला आणि काकांचं अवसान गळालं. मावशी तर केव्हाच गेली होती; आता कुणाची अब्रू राखायची? त्यांनी कवळी बदलली, पिशवीतून माउथ ऑर्गन काढला आणि वाजवायला सुरुवात केली. मधे दोनदा चुकले. बायको पेला छातीशी धरून ऐकत राहिली.

"लग्नाच्या आधी वाजवायचो. आता शनिवारी दवाखान्यात सगळ्यांसमोर वाजवायचंय," ते म्हणाले. प्रत्येक शब्दाला शीळ निघत होती. "मावशीनं सांगितलं होतं ना, नाद नाही म्हणून. आणि तूही सगळ्यांना इतक्या कौतुकानं सांगायचीस..."

"कौतुकानं?" बायकोनं पेला खाली ठेवला. "अहो, मी तक्रार करत होते!"

काकांच्या हातातला माउथ ऑर्गन मांडीवर आला.

"मावशी तसं म्हणाल्या, तेव्हाच मी धास्तावले होते. ज्याला कसलाच नाद नाही, त्याच्याशी जन्मभर बोलायचं तरी काय? रोज संध्याकाळी तुम्ही भिंतीकडे बघत बसायचात आणि मी तुमच्याकडे. मी येईल त्याला सांगत सुटले, यांना कसलाच नाद नाही हो. वाटायचं, कुणीतरी काही सुचवेल. तर सगळे म्हणायचे, नशीब काढलंस!"

ती हसायला लागली आणि हसता हसता तिनं पदरानं डोळे पुसले. मग खुर्ची ओढून ती त्यांच्या अगदी समोर बसली.

"शनिवारचं शनिवारी बघू. आधी मला ऐकवा. चुकलात तरी थांबू नका."

काकांनी माउथ ऑर्गन तोंडाला लावला. नवी कवळी जागच्या जागी घट्ट होती, तिचा काही दोष नव्हता. पण ओठ आवळल्याशिवाय सूर निघत नाही, आणि हसू फुटलेले काकांचे ओठ काही केल्या आवळेनात.