कर्ता

"द गार्ड वॉज रिमूव्ड," इशिदा म्हणाला, आणि सोनलने हातातला मार्कर टेबलावर आपटला. तो घरंगळत जाऊन खाली पडला. इशिदाने वाकून उचलला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. तिने तो जवळजवळ हिसकावूनच घेतला.

"पुन्हा," ती इंग्रजीत म्हणाली.

"द गार्ड वॉज रिमूव्ड."

जाळी काढली गेली. कुणी काढली, कुणाच्या सांगण्यावरून काढली, याचा पत्ताच नाही. जशी काही जाळी आपली आपणच उठून बाजूला जाऊन बसली.

वाक्य दयानंद साहेबांचं होतं. पिरंगुटजवळच्या या कारखान्याचे ते मॅनेजर. आदल्या दिवशी त्यांनी सोनलला केबिनमध्ये बोलावून घेतलं, बस म्हणाले, चहा मागवला. ती इथे लागल्यापासून साहेबांनी तिला कधी बसायला सांगितलं नव्हतं.

"गुरुवारी सरकारी इन्स्पेक्टर येतायत अपघाताच्या चौकशीला. इशिदाला विचारतील. एवढं एक वाक्य त्याच्याकडून घोटून घे."

"आणि जाळी कुणी काढली, असं विचारलं तर?"

"कुशाबाने. मशीन त्याचं, जाळी त्याची. इशिदाने माहीत नाही म्हणायचं, संपलं." साहेबांनी चहाचा कप तिच्याकडे सरकवला. "रोजचं बोलणं शिकवतेस ना त्याला? हेही त्यातलंच समज."

ती चहा तसाच ठेवून उठली होती.

रोजचं बोलणं शिकवायलाच तिला ठेवलं होतं. इशिदा जपानहून आलेला इंजिनियर, मशीनमधलं सगळं कळणारा, पण तोंड उघडलं की अडखळणारा. रोज सकाळी ती त्याच्याकडून सराव करून घ्यायची. हॉटेलात चहा कसा मागायचा, रिक्षावाल्याला डावीकडे वळ कसं म्हणायचं, पोटात दुखतंय हे डॉक्टरला कसं सांगायचं. मग दिवसभर त्याच्याबरोबर मशीन-शॉपमध्ये फिरायचं. तो तुटक्या इंग्रजीत बोलायचा आणि ती कामगारांना मराठीत सांगायची. रिह्यासारख्या खेड्यातली मुलगी जपान्याला इंग्रजी शिकवते याचं गावात केवढं कौतुक होतं.

त्या शनिवारी माल वेळेत जायचा होता. कुशाबाच्या पत्रा दाबायच्या प्रेसपुढची जाळी जरा हलली की मशीन थांबायचं, पुन्हा सुरू करावं लागायचं. इशिदा घड्याळ बघत प्रेसपाशी उभा होता. शेवटी वैतागून म्हणाला, "नो गार्ड. फास्ट." सोनल शेजारीच होती. तिथून पुढचं ती आठवायला गेली, की तिला नेमकं काहीतरी दुसरंच काम सुचायचं. जेवणाच्या सुट्टीनंतर प्रेस खाली आला आणि कुशाबाच्या उजव्या हाताची चार बोटं गेली.

कुशाबा तिच्याच गावचा, तिच्या घराखालच्या आळीतला. ती त्याला तात्या म्हणायची. दवाखान्यात भेटायला गेली तेव्हा तो झोपला होता. त्याची बायको कमळ बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती.

"आली का गं मास्तरीन," कमळ म्हणाली. "हात यांचा गेला, न् चूकबी यांचीच? सायेब सांगून गेला, म्हनं, तुमच्या मानसानं आपल्या मनानं जाळी काडली. आता कामावर घ्येनार न्हाई म्हनतुया."

"खोटं बोलतोय तो, काकू."

"मला काय सांगती? तू हुतीस न्हवं तितं? त्या जपान्याचं बोलनं तुलाच कळतं. मग त्याच्या तोंडून काड की खरं!"

"काढते," सोनल म्हणाली. घरी जाताना सबंध घाटभर तिचे दात एकमेकांवर घट्ट आवळलेले होते.

आता इशिदा समोर बसला होता, इस्त्रीच्या शर्टात, शिकवलेलं वाक्य पाठ करून. तिने बोर्डावरचं ते वाक्य पुसलं. पुसताना फडक्याखाली बोर्ड करकरला.

"हे वाक्य चूक आहे," ती सावकाश इंग्रजीत म्हणाली, त्याला कळावं म्हणून. "व्याकरण बरोबर आहे. वाक्य चूक आहे. याच्यात माणूस नाही."

तिने नवं वाक्य लिहिलं. आय टोल्ड देम टू रिमूव्ह द गार्ड. मी त्यांना जाळी काढायला सांगितलं.

इशिदाने वाक्य ओठांतल्या ओठांत वाचलं. त्याचे कान लाल झाले होते.

"म्हणा."

"आय टोल्ड..." तो थांबला. मग त्याने सरावाच्या वेळी शंका विचारायचा तसं एक बोट वर केलं. "देम?"

"हो. देम. कामगारांना."

"देम," तो पुन्हा म्हणाला. या वेळी तो बोर्डाकडे नाही, तिच्याकडे बघत होता.

"इंग्रजी मी शिकवते की तुम्ही?" तिचा आवाज चढला. "म्हणा!"

त्याने मान खाली घातली आणि म्हटलं. तिने त्याला पुन्हा म्हणायला लावलं. घसा बसेपर्यंत म्हणायला लावलं. त्यानंतर रोज सकाळी तेवढंच एक वाक्य. चहा नाही, रिक्षा नाही, डॉक्टर नाही. तो एकदाही नाही म्हणाला नाही, आणि त्याचाही तिला रागच आला.

गुरुवारी मीटिंगच्या खोलीत इन्स्पेक्टर बसले होते, वयस्क, कमी बोलणारे. बाजूला दयानंद साहेब. दाराशी खुर्चीच्या अगदी कडेवर कमळ बसली होती, कुशाबाला अजून उठता येत नव्हतं म्हणून त्याच्या जागी. सोनल भिंतीपाशी उभी राहिली.

इन्स्पेक्टरांनी इंग्रजीत विचारलं, जाळीचं काय झालं?

इशिदा उठून उभा राहिला. "आय टोल्ड देम टू रिमूव्ह द गार्ड."

दयानंद साहेबांनी झटकन सोनलकडे पाहिलं. तिने नजर हलवली नाही. हेच तर हवं होतं.

"तुम्ही सांगितलंत," इन्स्पेक्टर म्हणाले. "कुठल्या भाषेत?"

"इंग्लिश."

"कुशाबांना इंग्रजी येतं?"

"नो."

"तुम्हाला मराठी?"

"नो."

"सर, त्याच्या सांगण्यात काही अर्थ नाही," दयानंद साहेब घाईने म्हणाले. "कुशाबाला त्याचं बोलणं कळलंच नसणार. त्याने काढली ती आपल्या मनानेच."

"मग कसं सांगितलंत?" इन्स्पेक्टरांनी इशिदालाच पुन्हा विचारलं.

इशिदाने टेबलाच्या कडेवर दोन्ही हात ठेवले. "आय टोल्ड देम," तो म्हणाला. खाली बघत, हट्टाने. "आय. ओन्ली आय."

हे शेवटचं तिने त्याला शिकवलं नव्हतं.

साहेबांच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग येऊ लागला होता. इन्स्पेक्टर पेनला टोपण लावायच्या बेतात होते. सोनल भिंतीपासून पुढे आली.

"माझ्या तोंडून सांगितलं त्यांनी," ती मराठीत म्हणाली. "त्यांचं बोलणं कामगारांना मीच सांगते."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"ते म्हणाले, जाळी नको. तात्यांना ते पटलं नव्हतं. त्यांनी मला विचारलं, काढू का गं? मी म्हणाले, काढा."

इन्स्पेक्टरांनी पेन पुन्हा उघडलं. "म्हणजे त्यांनी आपल्या मनाने काढली नाही."

"नाही."

ते लिहू लागले. दयानंद साहेब काहीतरी बोलायला गेले, तेव्हा इन्स्पेक्टरांनी मान वर न करताच हाताने त्यांना थांबवलं.

इशिदाला यातलं काही कळलं नव्हतं. त्याने तिच्याकडे वाकून हलक्या आवाजात विचारलं, तू काय सांगितलंस? सोनल दाराकडे बघत होती. कमळ खुर्चीवरून उठली होती, आणि पापणी न हलवता तिच्याकडे बघत होती.