गाणं चालू असताना

हेनिंगच्या टेबलामागच्या भिंतीवर एकच कागद चिकटवलेला आहे: 'गाणं चालू असताना काही मागायचं नाही.' बर्लिनमध्ये आमच्या धंद्यातल्या सगळ्यांना हा नियम पाठ असतो, पण हेनिंगइतक्या सोवळेपणाने पाळणारा मी दुसरा पाहिला नाही. आम्ही दोघं प्लग-इन बनवतो, म्हणजे संगीताच्या मोठ्या सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम. लिहितो तो, आणि लोकांची बोलणी खाते मी. कॉम्प्युटर आवाज भरवतो तो घासाघासाने, सेकंदाला शेकडो घास. एक जरी उशिरा पोचला तरी कानात 'टक' वाजतं. म्हणून लागेल तेवढी मेमरी गाण्याआधीच मागून ठेवायची. मध्येच मागायला गेलात तर ती कधी मिळेल याचा नेम नाही.

ग्रोस-वेल्लिन गावातलं चर्च या उन्हाळ्यात बंद झालं आणि विकलं गेलं. तिथला गायकवृंद चालवणाऱ्या ओरट्रूड माइनेकेबाई सत्तरी ओलांडलेल्या. चर्चला कुलूप लागण्याआधी आम्ही तिथे जाऊन फुगे फोडले आणि त्यांच्या आवाजाचं घुमणं रेकॉर्ड केलं: वेदीपाशी, बाकांमध्ये, वर ऑर्गनच्या सज्जात. आता वृंदात जेमतेम अकरा जण उरलेत आणि तालमी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये होतात. तिथे सूर लादीवर पडतो आणि तिथेच मरतो. माइकमधला आवाज घेऊन या माणसांना त्यांचं चर्च परत द्यायचं, एवढंच आमच्या प्लग-इनचं काम होतं.

"पोरी, दुसऱ्या कडव्याला काडकन काहीतरी मोडतं," बाईंचा फोन आला. "लोथार म्हणतो, ही आपली थट्टा आहे. गुरुवारी पुन्हा वाजलं तर तो येणार नाही. आणि तो गेला की खालच्या सुरात माझ्याकडे कुणी नाही. मग बंदच करायचं सगळं."

"माझ्याकडे तर वाजत नाही," हेनिंग म्हणाला. "त्यांचा कॉम्प्युटर जुना असेल."

"नाचता येईना अंगण वाकडं. गुरुवारी चल, बस गाडीत."

तो कधीच कुणाकडे जात नाही. हेडफोन लावायचा, एक सुरावट आरंभापासून शेवटपर्यंत ऐकायची आणि समाधानाने मान डोलवायची, ही त्याची तपासणी. या वेळी मी ऐकलं नाही. घोडं कुठे पेंड खातंय ते तिथे गेल्याशिवाय कळणार नव्हतं.

हॉलमध्ये आलुबुखाराचा केक आणि थर्मासमधली कॉफी मांडलेली होती. लोथार दाराशीच उभा होता. "हेच का ते फुगेवाले?" त्याने बाईंना विचारलं, आम्हाला ऐकू जाईल अशा बेताने.

गाणं सुरू झालं. पहिलं कडवं घुमलं आणि त्या पत्र्याच्या छपराखाली खरंच एक उंच कमान उभी राहिली. मला भरून आलं. दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी बाईंनी पायाने जागा बदलायचं पेडल दाबलं. टक. लोथारने अर्ध्या शब्दावर तोंड मिटलं आणि कोट उचलला.

"थांबा," हेनिंग म्हणाला. "तुम्ही जागा गाण्याच्या मध्येच बदलता?"

"मग? पहिलं कडवं वेदीपाशी, दुसरं सज्जात, तिसऱ्याला पुन्हा खाली. दर रविवारी जिना चढायचो आम्ही."

"गाता गाता?"

"नाही, लिफ्टने," लोथार म्हणाला.

हेनिंग खाली बसला. माणसं गाता गाता चालतात, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्याने मांडीवर लॅपटॉप उघडला आणि बघता बघता त्याचे कान लाल झाले. प्रत्येक जागेचं घुमणं प्रोग्रॅममधले दोघं मेमरीत धरून ठेवतात, एक स्क्रीनच्या पडद्याचं काम बघणारा आणि एक आवाजाचं. जो शेवटी सोडेल त्याने ती मेमरी परत देऊन आवरायचं. आमच्या ऑफिसात नाही का, शेवटची कॉफी पिईल त्याने भांडं घासायचं, तसंच. एरवी पडदेवाला शेवटी सोडतो, त्याला सवड असते. पण पेडल दाबताच त्याने वेदी लगेच सोडली, आणि आवाजवाला मात्र अजून वेदीचं विरत जाणारं घुमणं सांभाळत होता. शेवटी सोडणारा तोच ठरला, आणि भर गाण्यात भांडं घासायची पाळी त्याच्यावर आली. तेवढ्यात आवाजाचा पुढचा घास उशिरा पोचला.

"मागायचं नाही, हे भिंतीवर लिहिलं," हेनिंग म्हणाला. "परत द्यायचं नाही, हे लिहिलंच नाही. आता तिसरा कुणीतरी नेमावा लागेल, नुसता धरून बसणारा. वापर संपलेली मेमरी उगाच अडकून पडणार." कमी मेमरी खाणं हा त्याच्या अभिमानाचा विषय.

"किती वेळ?" बाईंनी विचारलं.

"तुमचं गाणं थांबेपर्यंत."

"मग धर की! तुझं काय जातंय?"

लोथारने कोट अंगात चढवला होता. "मी हा केक संपेपर्यंत थांबतो," तो म्हणाला. त्याची बशी रिकामी झाली की बाई दुसरा तुकडा ठेवत होत्या. हेनिंगचं काम होईपर्यंत तीन झाले. तिसरा त्याने कुरकुरत खाल्ला, पण खाल्ला.

मग पुन्हा गाणं. लोथार कोट घालूनच उभा. कडवं वळलं, पेडल दाबलं गेलं. वेदी हळूहळू मागे राहिली आणि अकराही आवाज वर चढले, एकही पायरी न चुकता. दुसरं कडवं संपलं आणि बाईंनी हात खाली घेतला. सज्जातला शेवटचा सूर पूर्ण विरेपर्यंत कुणी वही मिटली नाही.

"आता दिलं परत?" बाईंनी हळूच विचारलं.

"हो, आत्ताच."

"काहीच ऐकू आलं नाही."

"तेच तर हवं होतं," हेनिंग खुशीत म्हणाला.

"हं. चर्चच्या किल्ल्या दिल्या तेव्हाही असंच झालं. दोन सह्या झाल्या. कुणाला काही ऐकू आलं नाही."

हेनिंगचा चेहरा उतरला. बाई पेडलकडे बघत राहिल्या, आणि मला वाटलं, आता त्या सगळ्यांना घरी जायला सांगणार.

लोथारने कोट काढून खुर्चीवर टाकला.

"तिसरं कडवं राहिलंय, ओरट्रूड," तो म्हणाला. "का आम्हाला सज्जातच ठेवतेस?"