नागोजीच्या नावाची कुपी

मित्रांनो, मी एक जुनी, करंगळीएवढी औषधाची कुपी आहे. हाताच्या ऑपरेशनआधी खांद्याजवळच्या नसांपाशी भुलीचं इंजेक्शन देतात. त्यात माझं औषध मिसळलं, की संध्याकाळी उतरणारी भूल सकाळपर्यंत टिकते. माझी मान मोडून औषध ओढलं, की आमचा जन्म सार्थकी लागतो. माझी मान मात्र अजून शाबूत आहे, आणि त्याचा राग माझ्या पोटात आहे.

अळणावरकडचे नागोजी कोपर मोडून हुबळीला आमच्या दवाखान्यात आले. तिथली रीत अशी, की कुपी फोडण्याआधी तिच्यावर पेशंटच्या नावाची चिठ्ठी लावायची. ज्योती सिस्टरनी चिठ्ठी लावून मला ट्रेमध्ये ठेवलं. भूल देणारे डॉक्टर सुधींद्र फोनवर बोलत होते. त्या नादात त्यांनी नुसती भूल दिली आणि कागदावर मला मिसळल्याचं लिहून मोकळे झाले. मी टॉवेलखाली तशीच पडून राहिले.

सकाळपर्यंत दुखणार नाही, गोळी देऊ नका, असं ते ज्योतीला तोंडी सांगून गेले. दिवेलागणीलाच भूल उतरली. नागोजी कळवळून ओरडले, ज्योतीला नको नको ते बोलले. डॉक्टरांनी तर खापर तिच्याच माथी फोडलं. गोळी वेळेवर दिली नाही म्हणून तिला ऑपरेशन थिएटरच्या कामावरून काढलं.

टॉवेल धुवायला नेताना झाडलोटवाल्या अंबूताईंना मी सापडले. त्यांनी मला ज्योतीकडे दिलं. तिच्या पर्समध्ये दहा दिवस मी सूडच घोकत होते.

नागोजी टाके काढायला आले, त्या दिवशी तिनं मला मोठ्या डॉक्टर वेदश्रींच्या टेबलावर ठेवलं. सुधींद्र समोरच होते.

"मॅडम, नाव वाचा. हिची मान मोडलेलीच नाही की."

सुधींद्र पांढरेफटक पडले. विसरलो म्हणाले, इथंच मिटवू म्हणाले.

"मिटवायचं नाही, सर. नागोजीअण्णांना तुम्हीच सांगा," ज्योती म्हणाली.

सुधींद्रांना सांगावं लागलं. नागोजींनी ज्योतीकडं हात केला.

"तुम्ही विसरला, ते सोडा. पण ह्या अक्काला मी आईवरनं बोललो. ते आता कसं परत घेऊ, डॉक्टर?"

डॉक्टर माझ्यावरची चिठ्ठीच वाचायला लागले. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

मित्रांनो, चूक झाली तर तिथंच कबूल करा, गरिबाच्या माथी मारू नका. माझी मुदत आता संपली, कुणाचं दुखणं माझ्यानं थांबायचं नाही. वेदश्रींनी मला आठवण म्हणून सुधींद्रांच्या टेबलावर ठेवायला लावलंय. त्यांना मी नकोशी आहे, पण उचलून टाकायची त्यांची छाती नाही.