गुरुवारची बॅटरी

"सांगितलं तर कुणाला पटायचं न्हाई," कोंडिबाआबा म्हणाले, "पर ह्या पोराचा काडीचा दोष न्हाई!"

सैफनं मान वर केली. दोन हजार चारचा मार्च संपत आला होता, आणि दौंडच्या केबल ऑफिसात तो सकाळपासून कोंडून पडला होता. शटर आतून कुलूपबंद, चावी मालकांच्या खिशात. मालक म्हणजे विश्वजीतराव. शिरूर आणि दौंड, दोन्हीकडची केबल त्यांची. तीन महिने झाले, दौंडच्या काही घरांची बिलंच निघत नव्हती. टीव्ही चालू, बिल नाही. आणि बिलांचा कॉम्प्युटर सैफच्या हाती.

दुपारी सैफला दोष सापडला, आणि सापडला तोच गळ्याचा फास झाला. ज्या तारखेला जोडणी, त्या तारखेला दर महिन्याला दुपारी दोन वाजता प्रोग्राम आपोआप बिल काढायचा. दोनला कॉम्प्युटर बंद असला की त्या दिवसाची घरं सुटलीच. प्रोग्राम काही मागं वळून बघत नसे. मार्चात सुटलेली घरं चार, अकरा, अठरा आणि पंचवीस तारखेची. सगळे गुरुवार. गुरुवारी दौंडला बारा ते चार लाइट नसते.

"मग दिवाळीला कॉम्प्युटरसाठी बॅटरी घेतली ती काय पूजेला?" मालक कडाडले. "तूच बंद करून जातोस. बिल काढायचं न्हाई आन् रोख खिशात घालायची!"

"गुरुवारी मी सकाळीच शिरूरला वसुलीला जातो, मालक. जाताना चालूच असतो की."

"कबूल कर. न्हाईतर उद्या टीव्हीच्या पडद्याखाली सरकणाऱ्या पट्टीवर तुझं नाव फिरवतो, चोर म्हणून. दौंडात घराघरांत!"

ती पट्टी अम्मी वाचणार, बहिणीच्या सासरचे वाचणार. खरं बोलावं तितक्या ऑफिसच्या भिंती आणखी जवळ सरकत होत्या.

आणि आता हे आबा, ऑफिसचे राखणदार, स्टूल पुढं ओढून बसले होते.

"दर गुरुवारी बाराच्या ठोक्याला मागच्या नाल्यातनं नाग येतो, मालक. मांडीएवढा जाड! बॅटरीवर वेटोळं घालतो आन् करंट पितो. पिऊन पिऊन त्याच्या फण्यात दिवा लागतो, साठ वॅटचा. त्या उजेडात मी पेपर वाचलाय."

"पेपर?"

"छोट्या जाहिरातींसकट! तीनला ढेकर देतो आन् जातो. तवर मी हितंच, ह्याच स्टुलावर. हूं का चूं न्हाई. आवाज झाला तर डसंल ना!"

मालकांनी नकळत पाय वर घेतले. सैफला वाटलं, गप्प बसावं. थाप का होईना, शटर वर जात असेल तर जाऊ दे. पण नागावर ढकललेला आळ किती दिवस टिकणार? पट्टी आज टळेल, उद्या फिरेल.

"आबा," तो म्हणाला, "बारा ते तीन हितंच? दर गुरुवारी?"

"तर! हूं का चूं न्हाई."

"आमचं घर दत्तमंदिराच्या मागं हाय. गुरुवारी टीव्ही बंद, म्हणून अम्मी बारापास्नं तीनपर्यंत तुमचंच भजन ऐकत बसती. माइकवर. अख्ख्या दौंडात लाइट नसताना तो माइक कुणाच्या बॅटरीवर चालतो, आबा?"