उपाशी लॅपटॉप

विब्रेनने बटण दाबलं, चष्मा काढून पुसला, परत घातला, खिडकीतून गोठलेल्या कालव्याकडे पाहून घेतलं, तरी पडद्यावरचं निळं चक्र आपलं फिरतंच आहे. बर्फावरच्या स्केटिंग शर्यतीच्या नावनोंदणीचा प्रोग्रॅम उघडायला पुरती तीन मिनिटं. लॅपटॉप घेऊन महिनाही झाला नव्हता.

ही शर्यत भरवणाऱ्या गावच्या बर्फ मंडळाचा तो एकतीस वर्षं चिटणीस. कालवा शर्यतीजोगा गोठायला यंदा सहा वर्षं वाट पाहावी लागली होती आणि शर्यत उद्या सकाळी नऊला. परवाच्या सभेत त्याची यादी उघडेपर्यंत सगळ्यांच्या कॉफ्या निवल्या. अध्यक्ष फार मायेने म्हणाले, "विब्रेन, हे काम आता कुणा तरुणाला देऊ या का?" त्याने मान डोलावली. नव्याकोऱ्या यंत्राची आपल्या हातून वाट लागली, म्हणजे आपलंच काहीतरी सुटत चाललंय, हे त्याच्या मनाने घेतलं. राजीनामा लिहून तयार होता. आज चार वाजता द्यायचा होता.

पण चिवटपणा जात नाही. अकराच्या सुमारास त्याने शेजारच्या यित्स्केला हाक मारली. ती पस्तीस वर्षं टेलिफोन खात्यात होती आणि आता गावातले बिघडलेले टोस्टर, रेडिओ दुरुस्त करत असे.

"तू रोज करतोस तसंच कर. मी नुसती बघते," खुर्ची ओढत ती म्हणाली.

तिने बघितलं. लॅपटॉप सुरू होताच अकरा प्रोग्रॅम आपोआप जागे होत होते. तिने त्यातले आठ झोपवले. दहा सेकंद वाचले. मग व्हायरस पकडणारे दोन प्रोग्रॅम सापडले, एक लॅपटॉपबरोबर आलेला, दुसरा विब्रेनने जुन्यावरून आणलेला.

"एका दाराला दोन रखवालदार कशाला रे?"

"पैसे भरलेले आहेत त्याचे. टाकवत नाही."

"टाक."

त्याने टाकला. तरी दोन मिनिटं लागलीच. तो वाटाण्याचं सूप गरम करायला उठला. चमच्यांसाठी तिने खण उघडला, तर आत लॅपटॉपची वायर नीट गुंडाळून रबरबँड लावून ठेवलेली.

"ही लावतोस कधी?"

"छतावर ऊन असेल तेव्हा. पॅनेलची वीज फुकट असताना विकत कशाला घ्यायची?"

"शेवटचं ऊन कधी पडलं?"

विब्रेनने खिडकीबाहेरच्या धुक्याकडे पाहिलं. "गेल्या मंगळवारी. थोडंसं."

यित्स्केने पडद्याच्या कोपऱ्यात बघितलं. बॅटरी चौदा टक्के. सेटिंगमध्ये वीज बचत अगदी शेवटच्या टोकाला नेऊन ठेवलेली. त्या घरात हीटर सतरा अंशांवर आणि विब्रेनच्या अंगावर दोन स्वेटर. लॅपटॉपलाही तोच नियम लागू होता.

"म्हणजे घोडं इथे पेंड खातंय," ती म्हणाली. "खातंय कुठलं, तू त्याला पेंडच घालत नाहीस."

तिने वायर भिंतीत लावली, बचत बंद केली, लॅपटॉप पुन्हा सुरू केला. प्रोग्रॅम नऊ सेकंदांत उघडला. विब्रेनने तो बंद करून परत उघडला. पुन्हा नऊ. इतकं हलकं त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. डोळे भरून आले, तेव्हा त्याने सूप ढवळायला घेतलं.

"दुसरं काहीतरी उघडून बघू," म्हणून यित्स्केने यादीतली सगळ्यात वरची फाइल उघडली. तीही चटकन उघडली. ते पत्र होतं. तिने ते शेवटपर्यंत वाचलं.

"आज देणार होतास हे?"

"हो."

"लॅपटॉप मंद चालतो म्हणून?"

"मला वाटलं, मीच मंद झालोय."

यित्स्केने पडद्यावरून नजर त्याच्याकडे वळवली. "तू मंद नाहीस, चिक्कू आहेस. त्याला राजीनामा लागत नाही."

त्याने पत्र पुसून टाकलं. मग दोघांनी सूप आणि काळा पाव खाल्ला, आणि त्याने उद्याची त्र्याऐंशी नावं एकदा तपासून घेतली. काम संपल्यावर सवयीने त्याचा हात भिंतीतला प्लग काढायला पुढे गेला. बाहेर उन्हाचा पत्ता नव्हता. त्याने हात मागे घेतला आणि स्वेटरच्या खिशात घातला.